उत्तर द्वीना: ७४४ किलोमीटर की १८००?

भूगोलाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "उत्तर रशियातल्या उत्तर द्वीना नदीची लांबी एका पुस्तकात ७४४ किमी दिली आहे, दुसऱ्यात १३०० च्या आसपास, तिसऱ्यात थेट १८००. यातली खरी कुठली? नदीचा उगम नेमका कुठे आहे? आणि मुख्य उपनद्या कोणत्या धरायच्या?"

नकाशांसाठी आणि कोशांसाठी नद्यांच्या नोंदी तपासण्याचं काम मी तीसेक वर्षं करत आलो आहे. या एका नदीने जितक्या वेळा पेन्सिल खाली ठेवायला लावली तितकी दुसऱ्या फार थोड्या नद्यांनी लावली असेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मोजायला सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून केली आहे. ‘उत्तर द्वीना’ हे नाव जिथे सुरू होतं तिथून श्वेत समुद्रापर्यंत ७४४ किमी. त्यात सुखोना ही वरची नदी मिळवली की साधारण १३००. आणि विचेग्दा नावाची ‘उपनदी’ हाच मूळ प्रवाह मानला तर १८००. परीक्षेत ७४४ लिहा. पण नदी समजून घ्यायची असेल तर तेवढ्यावर थांबू नका.

नाव सुरू होतं ते वेलिकी उस्त्यूग या जुन्या गावापाशी. पश्चिमेकडून सुखोना येते, दक्षिणेकडून यूग येते, दोघींचा संगम होतो आणि पुढच्या पाण्याला द्वीना म्हणतात. आपल्याकडे वैनगंगा आणि वर्धा मिळून पुढे प्राणहिता होते, तसाच हा प्रकार. दोन नद्या आपापली नावं सोडतात आणि तिसरं नाव सुरू होतं. रशियन भाषेत दोनला ‘द्वा’ म्हणतात. आपल्या ‘द्वि’चं नातं मराठी वाचकाला लगेच ऐकू येतं, त्यामुळे ‘दोन नद्यांची म्हणून द्वीना’ ही व्युत्पत्ती आपल्याला फार पटकन पटते. रशियातही ती काही शतकं सांगितली जाते आहे. मला मात्र ती निःशंकपणे लिहायला धीर होत नाही. द्वीना नावाची आणखी एक नदी आहे, पश्चिम द्वीना. ती वाल्दाय टेकड्यांमधल्या एका छोट्या तळ्यातून निघते आणि रीगापाशी बाल्टिकला मिळते. तिच्या उगमाशी कुठल्या दोन नद्यांचा संगम नाही, तरी नाव तेच. तेव्हा ही व्युत्पत्ती ‘असं सांगतात’ एवढ्याच पायरीवर ठेवावी.

यूग या नावातही एक फसवा खड्डा आहे. रशियनमध्ये ‘यूग’ म्हणजे दक्षिण. नदी दक्षिणेकडून येते, त्यामुळे अर्थ जुळल्यासारखा वाटतो. पण हे नाव रशियन लोक तिथे पोचण्याच्या आधीपासूनचं आहे. फिनो-उग्रिक भाषांमध्ये नदीसाठी जो शब्द आहे (आजच्या फिनिशमध्ये ‘योकी’) त्याच घराण्यातलं. म्हणजे यूग नदीचं नाव मुळात ‘नदी’ एवढंच. उस्त्यूग म्हणजे यूगचं मुख, यूगचा संगम. ‘उस्त’ हा जोड लक्षात ठेवलात तर उत्तर रशियाचा निम्मा नकाशा आपोआप वाचता येतो: उस्त-पिनेगा म्हटलं की पिनेगा नदी जिथे मोठ्या नदीला मिळते ते ठिकाण. आणि नावाच्या शेवटी ‘-गा’, ‘-ङा’, ‘-मा’ दिसलं (वागा, पिनेगा, ओनेगा, कोक्शेंगा) की समजावं, हे जुन्या स्थानिक लोकांनी ठेवलेलं नाव आहे. ते लोक विरले किंवा रशियनांत मिसळून गेले, त्यांची भाषा पाण्याच्या नावांत उरली.

आता आकडे. सुखोना ५५८ किमी लांब, यूग ५७४. म्हणजे यूग १६ किलोमीटरने लांब आहे. पण सुखोनाचं खोरं सुमारे ५०,३०० चौ. किमीचं आहे आणि यूगचं ३५,६०० चौ. किमीचं. सुखोना सरासरी सेकंदाला ४५६ घनमीटर पाणी आणते, यूग २९२ च्या आसपास. लांबीने पाहिलं तर यूग थोरली, पाण्याने पाहिलं तर सुखोना. हे भांडण तरी बरोबरीच्यांतलं आहे.

खरा पेच पुढे ७४ किलोमीटरवर, कोत्लासपाशी येतो. इथे उजवीकडून विचेग्दा मिळते. लांबी ११३० किमी, खोरं १,२१,००० चौ. किमी, सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे ११६० घनमीटर. सुखोना आणि यूग यांची बेरीज करा: ७५० सुद्धा होत नाही. म्हणजे कोत्लासला ‘मुख्य नदी’ म्हणून येणारं पाणी ‘उपनदी’च्या पाण्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी आहे. रशियन भूगोलकारांना हे नीट ठाऊक आहे. म्हणूनच उस्त्यूग ते कोत्लास या ७४ किलोमीटरच्या तुकड्याला ते ‘मालाया’, म्हणजे धाकटी उत्तर द्वीना म्हणतात आणि विचेग्दा मिळाल्यावरच्या नदीला मोठी. तुमचा १८०० हा आकडा असा येतो: ७४४ मधून धाकटीचे ७४ वजा केले, उरले ६७०, त्यात विचेग्दाचे ११३० मिळवले.

मग द्वीनाचं नाव विचेग्दाच्या वाटेने वर का गेलं नाही? माझं ठाम मत असं की नाव पाण्याच्या मागे गेलं नाही, माणसांच्या वाटेच्या मागे गेलं. नोव्हगोरोदचे व्यापारी, मागाहून मॉस्कोचे अधिकारी, सगळे नैर्ऋत्येकडून आले. वोलोग्दाकडून सुखोनाच्या प्रवाहाबरोबर उतरायचं, उस्त्यूगला पोचायचं, तिथून द्वीनाने समुद्र गाठायचा. या मुलुखाला जुन्या लेखांत ‘झावोलोच्ये’ म्हणतात. वोलोक म्हणजे एका नदीतून दुसऱ्या नदीत नावा जमिनीवरून ओढत नेण्याची जागा, आणि झावोलोच्ये म्हणजे अशा वोलोकच्या पलीकडचा प्रदेश. नावातच दिसतं की नाव ठेवणारा कुठल्या बाजूला उभा होता. त्याच्या दृष्टीने सुखोना-द्वीना ही हमरस्त्याची नदी आणि विचेग्दा ही बाजूने येऊन मिळणारी.

विचेग्दाच्या काठी कोमी लोक राहतात. त्यांच्या भाषेत तिचं नाव एझ्वा. त्यांनी नकाशा काढला असता तर एझ्वाच बहुधा श्वेत समुद्रापर्यंत गेली असती. कोमींची आजची राजधानी सिक्तिवकार ही विचेग्दाला सिसोला मिळते तिथे आहे. सिसोलाला कोमीत सिक्तिव म्हणतात आणि ‘कार’ म्हणजे गाव. उस्त्यूगमध्ये जन्मलेल्या स्टीफन या धर्मप्रसारकाने १३७२ च्या सुमाराला कोमींसाठी स्वतंत्र लिपी तयार केली आणि तोही याच विचेग्दाने वर गेला. नंतर स्त्रोगानोव या व्यापारी घराण्याने तिच्या काठी सोल्विचेगोद्स्कला मिठागरं उभारून अफाट पैसा मिळवला. तिथलं मीठ समुद्राचं नाही, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याचं. सायबेरियाकडे जाणारे कित्येक जण उस्त्यूगकडूनच पूर्वेला निघाले. आमूर नदीपर्यंत पोचलेला येरोफेय खबारोव त्याच परिसरातला.

विचेग्दाचा उगम तिमान टेकड्यांच्या दक्षिण भागात, लुन-वोझ आणि वोय-वोझ या दोन ओहोळांच्या संगमाने होतो. कोमीत ‘लुन’ म्हणजे दिवस आणि दक्षिणही, ‘वोय’ म्हणजे रात्र आणि उत्तरही, ‘वोझ’ म्हणजे फाटा. ज्या यूगच्या नावाचा अर्थ दक्षिण वाटतो तिच्यात दक्षिण नाही, आणि जिच्या नावात खरोखर दक्षिण आहे तो ओहोळ इतका आडबाजूला आहे की बहुतेक नकाशांवर त्याची रेघसुद्धा नसते.

सुखोनाकडे परत येतो, कारण तिचा वरचा भाग जलविज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाने पाहायला हवा. ती कुबेन्स्कोए सरोवरातून निघते. हे सरोवर उथळ, लांबुळकं, सुमारे ४०० चौ. किमीचं. त्यात वरून कुबेना नावाची ३६८ किमीची नदी येते. ‘सर्वांत लांबचा थेंब’ या न्यायाने कोणी उगम तिच्याही वर नेऊ शकेल. सरोवरातून बाहेर पडल्यावर सुखोनाला उतार जवळजवळ नाहीच. थोडं खाली तिला वोलोग्दा आणि लेझा या नद्या दक्षिणेकडून मिळतात. वसंतात त्यांच्या खोऱ्यातलं बर्फ आधी वितळतं आणि पाणी एकदम चढतं. सुखोनाला ते खाली वाहून नेता येत नाही, मग ते उलट फिरतं. काही दिवस सुखोना वरच्या अंगाला सरोवराकडे वाहते. जिथून नदी निघते तिथेच नदीचं पाणी आत शिरतं! उगम म्हणजे एक ठिपका आणि तिथून बाहेर निघणारा बाण, असं शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. त्या दिवसांत बाण उलटा काढावा लागेल.

याच सरोवराला एकोणिसाव्या शतकात कालव्यांनी शेक्स्ना नदीशी, म्हणजे वोल्गाच्या खोऱ्याशी जोडलं. ही जलवाहतूक १८२८ मध्ये सुरू झाली. त्याआधी पूर्वेकडे आणखी एक प्रयत्न झाला होता. विचेग्दाची उपनदी उत्तर केल्त्मा आणि कामा नदीच्या खोऱ्यातली दक्षिण केल्त्मा यांच्यामध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीला कालवा खणायला घेतला, तो १८२२ मध्ये पुरा झाला आणि १८३८ मध्ये सोडूनही दिला. दोन्ही ठिकाणी जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांमधली उंचवट्याची सीमा, इतका सपाट आणि दलदलीचा आहे की पावसाचं पाणी श्वेत समुद्राकडे जाईल की कास्पियनकडे हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येऊ नये. कालवा काढणाऱ्यांनी नेमका याचाच फायदा घेतला.

सुखोनाचा खालचा भाग अगदी वेगळा. ओपोकी नावाच्या जागी नदी रंगीत चुनखडी-मातीच्या थरांतून खोल कापत जाते, काठाचे कडे पन्नास मीटरच्याही वर उभे राहतात आणि पाण्याला ओढ येते. वर जी नदी मागे फिरते, खाली तीच खळखळ करते.

कोत्लासच्या खाली द्वीना वायव्येकडे जाते. रुंद, संथ, वाळूची बेटं सतत हलवत. वागा डावीकडून येते, ५७५ किमी, तिच्या काठी वेल्स्क आणि शेन्कुर्स्क. येम्त्सा छोटी आहे, तीही डावीकडची. ती चुनखडीच्या प्रदेशातून येते, तळातल्या झऱ्यांमुळे तिचे काही भाग कडक हिवाळ्यातही गोठत नाहीत. या दोघींबद्दल इथे एवढं पुरे.

पिनेगावर मात्र थांबायला हवं. ही उजवीकडची. लांबी ७७९ किमी, म्हणजे ज्या द्वीनाला ती मिळते तिच्या ७४४ पेक्षाही जास्त. तिचं खोरं सुमारे ४२,६०० चौ. किमी, पाणी द्वीनाच्या मानाने थोडंच, त्यामुळे तिला मुख्य नदी म्हणण्याचा प्रश्न येत नाही. पण ‘उपनदी मुख्य नदीहून लहान असते’ हे वाक्य कोणी पाठ केलं असेल तर ते इथे मोडतं. नकाशावर तिचा मार्ग बोटाने गिरवा. ती वायव्येकडे जात राहते, समुद्राकडेच चालल्यासारखी. मग पिनेगा याच नावाच्या गावाजवळ एकदम वळते आणि नैर्ऋत्येला द्वीनाकडे येते. त्या वळणाच्या पलीकडे पाचसहा किलोमीटरवर कुलोय नावाची दुसरीच नदी आहे, जी सरळ उत्तरेला समुद्राला जाते. १९२० च्या दशकाच्या अखेरीला दोन्ही नद्या एका कालव्याने जोडल्या. हा सगळा भाग जिप्समचा आहे. पाण्यात जिप्सम चुनखडीपेक्षा लवकर विरघळतं, त्यामुळे जमिनीखाली शेकडो गुहा आहेत, ओढे मध्येच गडप होतात आणि दुसरीकडे वर येतात. १९७४ पासून तिथला मोठा भाग संरक्षित आहे.

पिनेगा जिथे मिळते त्या उस्त-पिनेगाला द्वीनाचा विसर्ग मोजण्याचं ठाणं आहे आणि तिथल्या नोंदी १८८० च्या दशकापासूनच्या आहेत. आर्क्टिकला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी वाढतंय की घटतंय, हे तपासणाऱ्यांना इतकी लांब मालिका फार थोड्या ठिकाणी मिळते. मी स्वतः अशा नोंदींचे तक्ते वाचत आलो असल्यामुळे सांगतो, शंभर-सव्वाशे वर्षं रोज कोणीतरी पाण्याची पातळी लिहीत राहिलं, युद्धांतून आणि क्रांतीतून, याबद्दल मला फार आदर वाटतो. मुखाशी नदीचा सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे ३४९० घनमीटर, म्हणजे वर्षाला ११० घनकिलोमीटरच्या आसपास. पूर्ण खोरं ३,५७,००० चौ. किमी, अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा जवळजवळ पन्नास हजारांनी जास्त.

‘सरासरी’ हा शब्द इथे जपून वापरावा. वर्षाचं निम्म्याहून जास्त पाणी वसंतातल्या थोड्या आठवड्यांत, बर्फ वितळून येतं. आपल्या नद्यांना मोसमी पाऊस करतो ते तिथे सूर्य करतो. नदी साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून किंवा नोव्हेंबरपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत किंवा मेच्या सुरुवातीपर्यंत गोठलेली असते. उन्हाळ्यात जिथे तरीने पलीकडे जातात तिथे हिवाळ्यात बर्फावरून रस्ता आखतात. आणि नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, हीच मुळात अडचण आहे. वरचं, दक्षिणेचं बर्फ आधी फुटतं. पाण्याचा लोंढा तुटलेल्या लाद्या घेऊन खाली येतो, आणि खाली उत्तरेला नदी अजून घट्ट गोठलेली असते. वाहत्या बर्फाला रशियनमध्ये लेदोखोद म्हणतात, आणि त्याचा जो बांध तयार होतो त्याला झातोर. झातोरच्या वरच्या बाजूला पाणी काही तासांत मीटरच्या हिशेबाने चढतं. पावसाच्या पुरात निदान अंदाज बांधायला विसर्गाचा आकडा असतो. इथे विसर्ग साधा असला तरी गाव बुडतं, कारण पाणी जास्त आलेलं नसतं, ते पुढे जाऊ शकत नसतं.

वेलिकी उस्त्यूग नेमकं दोन नद्यांच्या तोंडावर वसलेलं असल्यामुळे त्याला हा धोका दुप्पट. सुखोना आणि यूग यांचं बर्फ पुढेमागे फुटलं तर बरं. दोन्ही एकाच वेळी सुटल्या की खालच्या धाकट्या द्वीनात लाद्या अडकतात. १९९८ आणि २०१६ चे पूर असेच झाले, गावाच्या मोठ्या भागात पाणी होतं. उपाय बरेच करतात: आधीच बर्फाला यंत्रांनी लांब चिरा पाडायच्या, त्यावर काळी भुकटी पसरायची म्हणजे ते ऊन शोषून लवकर कमजोर होतं, अडलेल्या जागी सुरुंग लावायचे. खालच्या टोकाला, मुखाजवळच्या अर्खांगेल्स्क बंदराकडून बर्फफोडी जहाजं वर चढत येतात आणि लाद्यांना समुद्राकडे वाट करून देतात. अभ्यास करताना हा भाग ‘हवामान’ या प्रकरणात ढकलू नका, तो नदीच्या दिशेचा, म्हणजे शुद्ध भूगोलाचा परिणाम आहे.

खोल्मोगोरीपाशी नदीला फाटे फुटतात, पुन्हा एकत्र येतात. तिथल्याच एका बेटावर १७११ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मिखाईल लोमोनोसोव जन्मला. अर्खांगेल्स्कच्या खाली त्रिभुज प्रदेश सुरू होतो: निकोल्स्कोए, मुर्मान्स्कोए, कोराबेल्नोए, मायमाक्सा, कुझ्नेचिखा असे फाटे आणि मध्ये सखल बेटं. भरती-ओहोटी अर्खांगेल्स्कला साधारण एक मीटरची. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना तिचा परिणाम पार पिनेगाच्या संगमाच्या आसपासपर्यंत कळतो. भरती चढता चढता मध्येच थबकते आणि मग पुन्हा चढू लागते, त्या थबकण्याला तिथले दर्यावर्दी ‘मानिखा’ म्हणतात. कोळ्यांच्या बोलीत भरतीच्या प्रत्येक अवस्थेला शब्द असतो, तसाच हा.

याच मुखाशी, निकोल्स्कोए फाट्याजवळच्या मठापाशी, १५५३ मध्ये रिचर्ड चॅन्सलरचं इंग्रज जहाज उत्तरेकडून चीनची वाट शोधता शोधता येऊन लागलं. चॅन्सलर तिथून मॉस्कोला गेला, व्यापार सुरू झाला आणि १५८४ मध्ये अर्खांगेल्स्क वसलं. पुढे सेंट पीटर्सबर्ग उभं राहीपर्यंत रशियाचा युरोपशी समुद्री व्यापार मुख्यतः या एका नदीने चालला. तो मठ आज सेवेरोद्विन्स्कच्या जहाजबांधणी कारखान्याच्या आवारात आहे. आपल्या नौदलाची ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका त्याच कारखान्यात नव्याने उभी राहिली आणि १६ नोव्हेंबर २०१३ ला तिथेच नौदलात दाखल झाली. आपले शेकडो नौसैनिक आणि अभियंते त्या निमित्ताने द्वीनाच्या मुखावरच्या हिवाळ्यांत राहून आले. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर आवर्जून विचारा, पुस्तकात नसलेलं बरंच कळेल.

नोंद कशी लिहायची तेवढं सांगतो. ‘लांबी ७४४ किमी (सुखोना-यूग संगमापासून), विचेग्दासह सुमारे १८०० किमी’ असं लिहा. सुरुवातीचा बिंदू दिल्याशिवाय आकडा देऊ नका. उपनद्या: उजवीकडून विचेग्दा आणि पिनेगा, डावीकडून वागा आणि येम्त्सा. सुखोना आणि यूग यांना ‘उपनद्या’ म्हणू नका, त्या घटक नद्या आहेत. आणि ‘उत्तर’ हा शब्द कधीही गाळू नका. माझ्याच हातून एकदा सूचीमध्ये नुसतं ‘द्वीना’ राहिलं आणि छपाईच्या आदल्या दिवशी लक्षात आलं की रीगा आणि अर्खांगेल्स्क ही दोन्ही बंदरं आम्ही एकाच नदीच्या मुखाशी नेऊन ठेवली होती.